मुगटलालची तीन बोटं

हवेलीत, म्हणजे आमच्याकडच्या कृष्णाच्या देवळात, रांधणाऱ्या माणसाला चाखायची मुभा नसते. आधी ठाकोरजी, मग जग. मुगटलाल गिरनारा आमच्या हवेलीचा भीतरिया होता, म्हणजे ठाकोरजींच्या आतल्या रसोईत ज्यांचे हात चालतात त्यांतला एक. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो न चाखता रांधत आला होता. कढी झाली की नाही हे तो उकळीच्या आवाजावरून सांगायचा. मोहनथाळाचा पाक झाऱ्यावरून पडताना नुसता बघून ओळखायचा. याचा त्याला एवढा ताठा की गल्लीतल्या कुठल्या बाईनं जेवायला बोलावलं तर नाक मुरडून म्हणायचा, "माझ्या हातचं देव जेवतो, बेन. तुमच्या हातचं कोण जेवतं? तुमचा नवराच ना?"

पहाटे विहिरीवर आंघोळ करून ओल्या धोतरानं तो हवेलीकडे निघाला की त्याला कुणी शिवायचं नाही. "बाजूला व्हा, अपरसमध्ये आहे, सोवळ्यात!" असं ओरडत, अंग चोरत, भिंतीच्या कडेकडेनं जायचा. मी विधवा बाई, माझी तर सावलीही त्याला चालत नसे. मला कितीदा वाटायचं, एकदा मुद्दाम धडकावं आणि याला परत आंघोळीला पाठवावं. पण दुपारी सेवा आटोपली की हाच माणूस आमच्या ओट्यावर बसून गावभरच्या चकाट्या पिटायचा आणि मला हसवून हसवून बेजार करायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. घरात तो, त्याची बायको रळियात, आणि बाकी सगळी हवेली. हवेली काढून घेतली तर मुगटलालमध्ये काय उरेल, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

पहिला डाग मानेवर आला, कानाच्या मागे. तो त्याला दिसला नाही आणि रळियातला चुन्याचा वाटला. मग कोपराशी आला, मग उजव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांना. एका सकाळी तुपाची चरवी हातात देताना चत्रभुज अधिकाऱ्यानं ती बोटं पाहिली. चत्रभुज म्हणजे हवेलीचा कारभार बघणारा माणूस. देवाच्या घरचा, पण नजर वाण्याची.

"मुगट, हे काय?"

"काही नाही, चुना लागला असेल."

"धू बरं."

मुगटलालनं चिंच लावली, राख लावली, बोटं लाल होईपर्यंत घासली. लाली ओसरली आणि खालचं पांढरं जास्तच उठून दिसायला लागलं. कोड आलेला माणूस ठाकोरजींच्या रसोईत जात नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती. चत्रभुज गोड आवाजात म्हणाला, "बरं होईपर्यंत घरी बस. तुझा नेग घरी येत जाईल." नेग म्हणजे सेवकाचा प्रसादाचा वाटा, त्यावरच भीतरियांची घरं चालतात. आणि दुसऱ्याच दिवशी चत्रभुजच्या बहिणीचा मुलगा नटवर मुगटलालच्या चुलीपुढे बसला. पोरगा कढी हलवायचा सोडून फोडणीपासून दूर पळायचा, पण मामा अधिकारी असल्यावर कढीला विचारतो कोण!

मुगटलाल आमच्याकडे आला. माझा मोठा भाऊ इच्छाशंकर गावचा वैद्य. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच घरी राहत होते आणि त्याची औषधं कुटत, वाटत, उकळत होते. भावानं मुगटलालला उजेडात बसवलं. डागावरचे केस चिमटीत धरून पाहिले, सुई टोचून पाहिली, नखानं घासून पाहिलं.

"केस काळे आहेत. डाग जुना नाही, एकमेकांत मिसळलेला नाही. मान आणि हात मी घेतो." भाऊ म्हणाला. "बोटांच्या टोकांचं मी वचन देत नाही. रंग केसाच्या मुळातून वर येतो, मुगट. जिथं केसच नाही तिथं तो येणार कुठून? ओठ, तळवे आणि बोटांची टोकं, इथं शास्त्र हात टेकतं."

"म्हणजे होईल ना बरं?"

"मी काय म्हणालो?"

"होईल म्हणालात."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी खलबत्त्यात डोकं घातलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथं बुडणारा काडीलाच नाव समजून वल्ही मारायला निघाला होता.

मग भावानं खाण्याचं विचारलं. तिथं सगळं बिघडलं.

"काय खातोस?"

"प्रसाद."

"प्रसादात काय?"

"असं काय विचारता! कढी, भात, खीर, दही, लोणचं, बासुंदी, मूग, वडी..."

"सगळं एका पात्रात?"

"मग काय, देवासाठी पात्र वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं?"

"खिरीबरोबर कढी. बासुंदीबरोबर लोणचं. दुधाबरोबर खारट आणि आंबट, आणि तेही इतकी वर्षं, रोज." भावानं हात पुसले. "हे विरुद्ध अन्न आहे, मुगट. कोडाचं एक कारण हेच. हे बंद कर. जुनी साळ, मूग, पडवळ, ताजं ताक. बाकी काही नाही."

मुगटलालनं दोन्ही कानांना हात लावले. "वैद्यराज, प्रसादाला विरुद्ध म्हणू नका. जीभ झडेल."

"मी प्रसादाला नाही म्हटलं. दुधाला आणि मिठाला म्हटलं."

माझ्या भावाला हा फरक स्वच्छ दिसत होता. गावात तो त्याला एकट्यालाच दिसत होता, हीच तर अडचण.

झालं असं की रोज दुपारी हवेलीतून पात्र यायचं. प्रसाद नाकारायचा नसतो, टाकायचा नसतो, आणि वैद्याचं ऐकायचं तर खायचाही नव्हता. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. रळियात बिचारी एकटी किती खाणार? शेवटी मुगटलालनं शोधून काढलेला मार्ग त्याच्या मते निष्पाप होता. तो ते पात्र जेसो रबाऱ्याच्या गाईपुढे ठेवू लागला. गाईत तेहेतीस कोटी देव, देवाचं देवाला.

गाईनं मन लावून बासुंदी खाल्ली. दुधाला चढली. आणि जेसो, तो भोळा गुराखी, हवेलीच्याच दारात दूध घालताना कौतुकानं सांगून बसला, "मुगटकाकाचे उपकार! रोज प्रसाद घालतात. वैद्यबापांनी त्यांना मना केलाय ना, त्यानं कोड येतं म्हणून. पण माझ्या गाईला बघा, कातडी कशी रेशमासारखी झालीय!"

राजभोगाचं, म्हणजे दुपारच्या नैवेद्याचं, दर्शन झाल्यावर चत्रभुजनं चौकात माणसं थांबवून घेतली. मुगटलालला बोलावलं आणि माझ्या भावालाही. मी बायकांत, खांबाआड उभी होते.

"वैद्यराज," चत्रभुज म्हणाला, "प्रसादानं कोड येतं, असं तुम्ही म्हणालात?"

"दुधाबरोबर खारट-आंबट खाल्ल्यानं येतं, असं म्हणालो."

"प्रसादात तेच असतं."

"असतं."

चौकात कुजबुज झाली. चत्रभुजला वाटलं होतं भाऊ मागे सरेल. तो सरत नाही म्हटल्यावर त्यानं दुसरीकडून हात घातला. "शास्त्रात एवढं एकच कारण दिलंय? की आणखीही आहेत?"

आणखी काय आहे ते मला ठाऊक होतं; वाटता वाटता मी ते शंभरदा ऐकलं होतं. भाऊ 'मुख्य हेच' म्हणाला असता तर घरी येऊन जेवलो असतो. पण शास्त्र अर्धं सांगणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"आणखी आहेत," तो म्हणाला.

"सांगा की. कळू दे सगळ्यांना."

आणि माझ्या भावानं, पाठशाळेत पाठ म्हणावा तसं, एकेक सांगितलं. खोटं बोलणं. केलेले उपकार विसरणं. देवांची निंदा. गुरूचा अपमान. या जन्मीचं पाप आणि मागच्या जन्मीचं कर्म.

चत्रभुजला हातात आयती काठी मिळाली. "ऐकलंत? अन्न हे एकच कारण, बाकीची सगळी कसली ते ऐकलंत ना? ज्याचं आयुष्यभर खाल्लं त्यालाच नावं ठेवली. याला कृतघ्न म्हणतात की नाही, वैद्यराज?"

"पण कोड तर त्याआधी..." भाऊ म्हणायला लागला.

"म्हणतात की नाही?"

"उपकार विसरतो तो कृतघ्न. पण..."

त्या 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलं नाही. मी खांबाआडून ओरडले, "अहो, कोड आधी आलं! कोड आलं म्हणून तो वैद्याकडे गेला!" शेजारच्या बायकांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. बाईमाणसानं, तेही विधवेनं, हवेलीत आवाज चढवायचा नसतो म्हणे. चत्रभुजनं निकाल दिला. नेग बंद. अंगावर एकही डाग उरला नाही तर ठाकोरजी परत बोलावतील. उरला तर समजायचं की अपराध अजून फिटलेला नाही.

त्या दिवसापासून गावाला मुगटलालचं कोड म्हणजे पाप झालं. जी माणसं काल त्याला 'अरेरे' म्हणत होती ती आज 'बरोबरच आहे' म्हणू लागली. कणव करायला मन लागतं, शहाणपण करायला काही लागत नाही.

तो रोज सकाळी आमच्या परसात यायला लागला. हवेली नसली तरी आंघोळ करूनच यायचा, पण आता 'बाजूला व्हा' ओरडत नसे. लोक आपणहून बाजूला होत. कोड शिवल्यानं लागत नाही, हे भावानं ओट्यावर बसून घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ऐकणारे मान डोलवायचे आणि उठताना मुगटलालच्या जागेला वळसा घालून जायचे.

औषध मी करायचे. बावचीचं बी गोमूत्रात भिजत घालायचं, रोज जुनं ओतून नवं घालायचं, मग सावलीत वाळवून, साल काढून बारीक वाटायचं. त्याचा उग्र वास माझ्या बोटांना इतका बसला की भाकरीलाही यायचा. पोटात खैराचा काढा आणि बावचीची चिमूट. त्याआधी काळ्या उंबराचा रस गुळातून देऊन कोठा साफ केला, तेव्हा मुगटलाल दिवसभर शेताकडे पळत होता आणि तरीही वाटेत थांबून मला म्हणत होता, "दयाबेन, पाप निघतंय की मागच्या दिवाळीची बासुंदी?" डागांवर लेप, आणि लेप लावून कोवळ्या उन्हात बसायचं. बावचीला ऊन लागलं तरच ती काम करते. सावलीत ती नुसती वास देते.

परसाच्या भिंतीवरून शाळेची पोरं डोकवायची. "मुगटकाका, बांधणी कुठं रंगवलीत? ठिपके छान आलेत!" मुगटलाल हसायचा आणि पोरं गेली की उपरणं अंगावर ओढून घ्यायचा. ऊन लागायला हवं म्हणून मी ते परत काढायला लावायचे. त्याच्या उघड्या पाठीकडे बघताना मला चत्रभुजचा, त्या पोरांचा आणि सगळ्या गावाचा असा संताप यायचा की वरवंट्याखाली बावचीऐवजी दुसरंच काही असावं असं वाटे.

एकदा त्यानं घाई केली. भाऊ परगावी गेला होता. यानं घरी नेलेला लेप दुप्पट जाड थापला आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत बसून राहिला. हात तळलेल्या पापडासारखा फोडांनी भरला. भाऊ परतला तो आधी ओरडला, "हे औषध आहे, मुगट, होम नाही! जास्त घातल्यानं जास्त पुण्य मिळत नाही!" मग बाभळीच्या काट्यानं एकेक फोड फोडला. मुगटलालनं एवढंच विचारलं, "दिवाळीच्या आत होईल का? अन्नकूटाला भाताचा डोंगर रचायचा असतो. नटवरला दम धरून रचता येत नाही, कोसळेल."

फोड बरे झाले आणि काही आठवड्यांनी मानेवरच्या पांढऱ्यात, एकेका केसाच्या बुडाशी, मोहरीएवढे काळसर ठिपके उगवले. आधी मला दिसले. मी भावाला हाक मारली, त्यानं पाहिलं, आणि त्या कोरड्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी आलं. मुगटलालला मान वळवून दिसेना, म्हणून रळियातनं पितळी ताट घासून आणलं आणि त्यात दाखवलं. तो बराच वेळ ताट धरून होता. मी तेव्हा रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ती दिवाळी गेली. अन्नकूटाचा भात खरंच ढासळला. प्रसाद म्हणून सगळ्यांनी तो तसाच डोळ्यांना लावून खाल्ला. पुढचं वर्ष सरता सरता मुगटलालची मान भरली, कोपर भरलं, मनगट भरलं. नवीन कातडी जुनीपेक्षा किंचित सावळी, एवढाच फरक. उरली ती तीन बोटं. अंगठ्याशेजारची तीन, पहिल्या पेरापर्यंत, खडूसारखी.

तो दर सकाळी ती बोटं माझ्या भावापुढे धरायचा. भाऊ दर सकाळी म्हणायचा, "नाही येणार."

"आणखी थोडं वाटून बघूया."

"मुगट, मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मुगटलाल म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

मग एक दिवस आला नाही. दुपारी रळियात डोकं उघडं टाकून धावत आली, "दयाबेन, चला, पुऱ्या तळताना कढई कलंडली, त्यांचा हात गेला!"

मी तूप आणि ज्येष्ठमधाचा मलम घेऊन गेले. कढई चुलीवर जशीच्या तशी होती. जमिनीवर तुपाचा थेंब नव्हता. एकही पुरी लाटलेली नव्हती. मुगटलालचा उजवा हात पाहिला. तळवा कोरा, अंगठा कोरा, करंगळी कोरी. तीन बोटं तेवढी, सारख्या मापानं, दुसऱ्या पेरापर्यंत उकडून निघाली होती. कुंकवात बुडवावीत तशी उकळत्या तुपात बुडवलेली. उडालेलं तूप असं मोजून मापून पडत नाही.

रळियातला मी पाणी आणायला पाठवलं.

"काय केलंस हे, मुगटभाई?"

त्याचे ओठ निळे पडले होते, तरी तो हसला. "पोळलेल्या हाताला हवेलीत मनाई नाही, दयाबेन. रसोईत कुणाचा हात पोळत नाही? बरं झाल्यावर तिथं पांढरं राहिलं तर ते पोळल्याचं पांढरं. कोडाचं नाही."

मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या आणि देता देता मलम लावत राहिले.

भावानं जखम पाहिली तेव्हा तोही समजला आणि मलम बदलायला बसला. होळीपर्यंत जखमा भरल्या. बोटांवर ताणलेली, चकचकीत, पांढरट-गुलाबी कातडी आली आणि त्यांतली दोन कायमची वाकडी झाली. मुगटलालनं कोरं धोतर नेसून चत्रभुजला निरोप धाडला की अंगावर डाग नाही, बोटं भाजलीत तेवढीच, येऊन बघा. चत्रभुजनं उलट निरोप पाठवला, राजभोगानंतर या, आणि वैद्यराजांना आणा. ते खोटं बोलत नाहीत.

त्या सकाळी मी भावाला वाढलं नाही. त्याच्यासमोर पाटावर बसले.

"मोटाभाई, आज विचारतील. भाजलेली आहेत म्हण. भाजलेलीच आहेत, खोटं कुठं आहे त्यात?"

"एवढंच विचारलं तर एवढंच सांगेन."

"आणि जास्त विचारलं तर?"

तो पाणी प्यायला आणि पगडी घातली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौकात गर्दी होती. मुगटलाल पायरीखाली उभा, उजवा हात पुढे धरून, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखा. नटवर आतल्या दारातून डोकावत होता. चत्रभुजनं मानेकडे पाहिलं, कोपर पाहिलं, खोट काढायला जागा मिळेना. मग बोटं पाहिली.

"हे काय?"

"तुपानं भाजलं," मुगटलाल म्हणाला.

"वैद्यराज?"

"भाजलं आहे," भाऊ म्हणाला. "खोलवर भाजलं आहे. मीच उपचार केला."

मला श्वास आला. मुगटलालचे खांदे सैल झाले, आणि त्यानं आतल्या दाराकडे, त्याच्या चुलीच्या दिशेनं, अशा नजरेनं पाहिलं की ती मला अजून दिसते. चत्रभुजही वळला होता. वळता वळता थांबला. तो माणूस मूर्ख नव्हता, हेच गावाचं दुर्दैव.

"वैद्यराज, भाजायच्या आधी ही बोटं कशी होती?"

भावानं मुगटलालकडे पाहिलं. मुगटलालनं मान हलवली नाही, हात जोडले नाहीत, काही नाही. नुसता बघत राहिला. मी खांबाला धरून मनात म्हणत होते, विसरलो म्हण, आठवत नाही म्हण, म्हातारा झालायस तू, कुणी तुला धरणार नाही.

"पांढरी," माझा भाऊ म्हणाला.

मुगटलाल चिडला नाही. त्यानं ठाकोरजींच्या बंद दाराकडे तोंड करून हात जोडले. ती दोन वाकडी बोटं जुळेनात, बाहेरच राहिली. "जय श्रीकृष्ण," म्हणाला आणि गर्दीतून निघून गेला. चत्रभुजनं माझ्या भावापुढे वाकून नमस्कार केला. असा सत्यवचनी वैद्य पंचक्रोशीत नाही, असं सगळ्यांदेखत म्हणाला.

आणि ते पसरलं. लांबून लांबून रोगी यायला लागले. ओटा पुरेना. हा वैद्य देवापुढेही मित्राची बाजू घेत नाही म्हणे! मी बावची वाटत राहिले. भाऊ आणि मी एकमेकांशी कामापुरतं बोलायचो.

मुगटलाल पुढे बरीच वर्षं जगला. लग्नाकार्यात रांधायला त्याला कुणी बोलावलं नाही. हवेलीनं टाकलेल्या हाताचं कोण खाणार? रळियातनं लोकांचे पापड लाटून घर चालवलं. तो तिला लाट्या करून द्यायचा, वाकड्या बोटांनी, त्या कधी सारख्या होत नसत. दुपारी राजभोगाच्या वेळी गल्लीत हवेलीचा वास यायचा, तेव्हा हातातलं टाकून तो दारात येऊन उभा राहायचा. "कढी जास्त उकळली," म्हणायचा. किंवा, "आज हिंग विसरला पोरगा." आमच्या ओट्यावर तो पुन्हा कधी बसला नाही. वाटेत भेटला तर माझ्या भावाला नमस्कार करायचा, पहिल्यासारखाच वाकून. तो न करता तर बरं झालं असतं.

एकदा राजकोटहून कातडीचा एक तरुण डॉक्टर शाळेत शिबिराला आला होता. मी मुगटलालला हाताला धरून नेलं. डॉक्टरनं बोटं पाहिली, मान पाहिली, मानेवरचं भरलेलं पाहून म्हणाला, "बावची ना? आम्हीही त्याच बियांतला अर्क वापरतो, आणि उन्हासारखाच प्रकाश." मी विचारलं, हे होतं कशानं? तो म्हणाला, "शरीराचे पहारेकरी चुकतात, मावशी, आणि आपल्याच रंगाला शत्रू समजून मारतात. अन्नानं नाही, पापानं नाही, कुणाच्या शापानंही नाही."

मुगटलालनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. डॉक्टरनं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही, काका."

परतताना घराच्या दाराशी तो म्हणाला, "दयाबेन, काही केलं असतं तर बरं होतं. माफी तरी मागता आली असती." घरी येऊन मी डॉक्टरचं म्हणणं भावाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "शास्त्रात तसं नाही."

मुगटलाल गेला तो श्रावणात, ऐन हिंडोळ्याच्या, देवाला झोपाळ्यात झुलवायच्या दिवसांत. हवेलीतून कुणी आलं नाही. दर्शनं चालू होती. आमच्या गल्लीतल्या चौघांनी खांदा दिला, त्यांत माझा म्हातारा भाऊही होता. स्मशानातून येऊन त्यानं आंघोळ केली आणि ओसरीतल्या झोपाळ्यावर बसला. पायानं झोका देईना. मी ताकाचा पेला पुढे ठेवला, तो घेईना.

"दया," तो म्हणाला, "त्या दिवशी मी 'आठवत नाही' म्हटलं असतं, तर खोटं बोललो म्हणून मला कोड झालं असतं का गं?"

"झालं असतं तर झालं असतं, मोटाभाई," मी म्हणाले. "बावची मी वाटली असती."